वाहक

आयाळीतले तीस केस, मुळासकट.
तुटलेले चालत नाहीत;
मुळाशी तिळाहून लहान जो पांढरा कण असतो
त्यातच सगळी कुंडली.
गोधूली मान झटकते.
तानबा मेश्राम तिच्या कानाशी म्हणतो, "झालं, बाई, झालं,"
आणि मी लिफाफ्यावर तारीख टाकते.
काटोल रोड, अकरा मे.
तबेल्यातले कूलर वाळ्याचा ओला वास सोडत घरघरताहेत.

अहवाल येतो ऐन नवतप्यात.
लांब पाय, दमदार छाती,
अडथळ्यावरून झेपावण्याचं जेवढं अक्षरांत मावतं तेवढं सगळं उत्तम.
फक्त एका जागी एक अक्षर बदललेलं:
नाजूक कातडीचा दोष. एकच प्रत, म्हणून वाहक.
तिला स्वतःला काही होणार नाही.
पण जर्मनीहून आलेली ती निळी नळी,
उणे एकशे शहाण्णववर झोपलेला तो विजेता घोडा,
तोही वाहक.
चारांतलं एक शिंगरू कातडी फाटतच जन्मेल.
मी वहीत त्या जोडीवर फुली मारते.

"काऊन मॅडम, नापास केलं का तिले?"
"नाही. फक्त हा नवरा नको."

तानबा घमेलं खाली ठेवतो, हात पुसतो,
पाकिटातून कार्ड काढतो, प्लास्टिकमध्ये जपलेलं,
अर्धं पांढरं, अर्धं पिवळं.
"आमच्या प्रणोतीचं. सिकलसेल. मेडिकलमंदी काढलं.
उमरेडचा पोरगा पायला होता. लय चांगला.
त्याचंबी अर्धं पिवळं."

चार घरांचा चौकोन, दोन अक्षरं.
हा चौकोन मी झोपेतही काढू शकते.
"मग?"
"मंग काय. दोघं फोनवर तासभर बोलले.
मले म्हने, बाबा, चारातले तीन तं चांगले ना."

माझी फुली अजून ओली आहे.

मी टाकीचं झाकण उघडते,
पांढरी वाफ चपलांवर ओघळते,
दुसरी नळी शोधते, हॉलंडची, हिरव्या टोपणाची.
चिमट्याला बर्फ धरतं.

"काय म्हनलं तुमी तिले? वाहक?"
तो शब्द तोंडात घोळवत राहतो,
तळहात गोधूलीच्या पाठीवर,
जिथे खोगीर बसतं त्या चकाकत्या जागेवर.
"वाहून तं नेतेच ना थे,
सगळ्याइले."