साठ विटांची हवा

हलगेकर बाई फळ्यावर बरोबरचं चिन्ह काढायच्या
सावकाश, पट्टीशिवाय,
वरची रेघ नेहमी खालचीपेक्षा लांब.
"अलीकडचं पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं,"
पुस्तकात असंच होतं.
मागच्या बाकावरून रुद्राणी म्हणाली,
"होय की बाई, आमची आत्या चंदगडला दिली,
तिची तर बसची पाटीच बदलली."
वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.
"पलीकडे काही जात नसतं," म्हणाल्या,
"दोन्हीकडून तेवढंच काढून घेतात.
आपल्याला एकाच बाजूचं दिसतं."

खानापूरच्या अलीकडे, मलप्रभेच्या काठाला
आमची भट्टी.
वीट नऊ-चार-तीनची.
साचा त्याहून जरा मोठा,
कारण माती वाळताना आटते, भाजताना आणखी आटते;
किती, ते बाबांच्या अंगठ्याला ठाऊक.

नऊ गुणिले चार गुणिले तीन,
एकशे आठ घन इंच.
एका घनफुटात सतराशे अठ्ठावीस.
मी भागायला घेतलं, भट्टीच्या धगीत, वहीच्या पुठ्ठ्यावर.
सोळा. बाकी शून्य.
बाकी शून्य आली की अजून मला
रात्री उशिराचं कुणी सुखरूप घरी आल्यासारखं वाटतं.

ट्रॉली दहा फूट लांब, सहा रुंद,
फळ्या दोन फूट.
एकशे वीस घनफूट, म्हणजे एकोणीसशे वीस विटा.
खडेबाजारचा दिवाणजी खेपेला सतराशे धरायचा.
बाबांच्या वहीतही सतराशे,
पानामागून पान, एकाच अक्षरात.

बाबांनी पुठ्ठा उलटसुलट बघितला.
"आणि फटी?
तुझ्या पुस्तकातल्या विटा एकमेकीला चिकटून बसतात होय?
ट्रॉलीतल्या बसत नाहीत."
मला रडू आलं. बरोबर होतं त्यांचं.

म्हणून मोजल्या.
रविवारी फकीराप्पा ट्रॉली घेऊन आला,
वर उभा राहून तो कन्नडात मोजत रचायचा,
खालून देताना मी मराठीत.
मधे कुठंतरी आकडे एकमेकांना ओळखत नसत,
पण त्याचा नूरु आणि माझा शंभर
दर वेळी एकाच विटेवर येऊन थांबायचे.
शेवटची वीट.
अठराशे साठ.
त्यानं घाम पुसला, म्हणाला,
"साविरद एंटुनूर अरवत्तु."
म्हणजे फटींमध्ये
साठ विटांची हवा होती.
बाबांचं खरं होतं, साठ विटांपुरतं.

सतराशे अधिक क्ष बरोबर अठराशे साठ.
दोन्हीकडून सतराशे काढले.
क्ष एकटा उरला
आणि त्याच्यासमोर एकशे साठ,
भाजलेल्या, मोजलेल्या, दर खेपेच्या.
मी पेन्सिल ओली केली,
खेपा हंगामाला किती, हंगाम किती झाले,
तेवढ्यात बाबा म्हणाले,
"गुणाकार नको करूस."
आणि मातीवर पाणी मारायला गेले.
बराच वेळ मारत राहिले.

बुधवारी दिवाणजी आला.
बाबा एवढंच बोलले, "मोजून घ्या."
दिवाणजीनं फटींचं सांगितलं,
माझं तोंड उघडायच्या आत
ट्रॅक्टरच्या सीटवरून, मान न वळवता,
फकीराप्पानं आकडा सांगितला.
दिवाणजीला कन्नड चांगलं यायचं.

त्या संध्याकाळी एका ओल्या विटेवर
मी खिळ्यानं दोन आडव्या रेघा ओढल्या,
वरची थोडी लांब.
वीट भाजली, गेली.
बेळगावात कुठल्यातरी भिंतीत असेल,
गिलाव्याखाली,
तिच्या डावीकडे कोण, उजवीकडे कोण,
मला ठाऊक नाही.