काठ

खोक्यातून आज चौदा स्कार्फ आलेत.
नव्वद बाय नव्वद, चार बाजू.
माझ्याकडे फक्त बाजू येतात,
मधलं सगळं कुठेतरी आधीच ठरलेलं असतं.

मधे या खेपेला शकुनांचा बाजार आहे.
पंजा उचललेली मांजर तीन ठिकाणी,
मधोमध भोक असलेलं पाच येनचं नाणं,
जरीच्या पिशवीतले ताईत (ते उघडायचे नसतात,
चित्रातले तर उघडताच येत नाहीत),
आणि पोट पुढे काढून बसलेला लाल दारुमा.
पॅरिसमधल्या कुणा मुलीने काढलंय.
छान काढलंय, उगाच नावं का ठेवायची.
फक्त दारुमाला तिने दोन्ही डोळे दिलेत.

उरानो-सान फोनवर हसत होते,
"इच्छा पुरी झालेला दारुमा विकतायत, शिगेनो-सान!
घेणाऱ्याने आता मागायचं काय?"
बावीस रंग, बावीस चौकटी.
बाविसाव्या चौकटीत तेवढा एक डोळा.
"विसरलो म्हणून सांगू का?"
सांगून टाका, म्हटलं.
सांगणार नाहीत. गिऱ्हाईक मोठं आहे
आणि छापखान्याचं छप्पर गळतंय.

अंगठा ओला करायचा, कड आत वळवायची,
वात वळतात तशी, पण इतकी घट्ट नाही.
घट्ट वळली की रेशीम रुसतं.
टाका आत जातो तो कुणाला दिसत नाही,
दिसला तर माझी मजुरी कापतात.
मजुरी म्हणजे दोन वाट्या सोबा आणि बसचं तिकीट.
दुकानातली किंमत मला सून सांगते.
मी म्हणते, शून्य जास्त वाचलंस.

लहानपणी छापलेलं कापड ओओका नदीत धूत.
सोमवारी निळी नदी, गुरुवारी गुलाबी.
आम्ही काठावर बसून पैज लावायचो
आज पॅरिसला काय जाणार म्हणून.

त्याच नदीच्या पुलावर, त्याआधी कधीतरी,
माझी आई सोळा वर्षांची, पांढरा पट्टा घेऊन उभी होती.
येणाऱ्याजाणाऱ्या बायकांनी लाल दोऱ्याची एकेक गाठ मारायची.
हजार झाल्या की गोळी लागत नाही.
वाघाच्या वर्षात जन्मलेली भेटली तर फायदा,
तिला वयाइतक्या गाठी मारता यायच्या.
पट्ट्याच्या आत पाच सेनचं नाणं शिवलं होतं.
आमच्या 'चार'मध्ये मरण ऐकू येतं,
म्हणून त्याच्या एक पाऊल पुढे.

मामा परत आला नाही. नाणंही नाही.
आई शेवटपर्यंत म्हणायची,
नऊशे नव्याण्णव झाल्या असतील,
संध्याकाळ होत आली होती, मोजायला मीच चुकले.

मी वाघाच्या वर्षातली. उशिरा आले.
मी टाके मोजत नाही.

अकरावा स्कार्फ.
खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करते नेहमी.
तिसऱ्या बाजूला पोचले तेव्हा लक्षात आलं,
या दारुमाला एकच डोळा.
दुसऱ्या जागी कोरं रेशीम,
भाताच्या शितासारखं पांढरं.
उरानो-सान खरंच विसरले
की एवढा एकच विसरले, मी विचारलं नाही.
नियम असा की अशा मालावर पिवळी चिठ्ठी लावायची.
पिवळ्या चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये आहेत, डावीकडे.

सगळं उसवलं.
पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून घेतलं.
एक. दोन. तीन.
साडेचारशेला फोन वाजला, उचलला नाही.
चौथी बाजू संपली तेव्हा सातशे अठ्ठावीस.
हजार कसे होणार,
कापडच तेवढं नाही.
कोपऱ्यावर एक गाठ जास्त मारली, आतून,
हाताला लागेल एवढी.

कुणाच्या गळ्यात जाईल कोण जाणे.
विमानतळावर आरशात बघताना
त्या बाईला वाटेल, छपाईत चूक आहे,
आणि ती परत करेल.
किंवा पेन शोधेल.

चहा गार झाला.
बारावा घेते.
याला दोन्ही डोळे आहेत.