अकरा वाजता माघारी

नकाशा असा नाहीच.
दगडू लव्हाळेनं फोनवर सांगितलं ते
मी लाइट बिलाच्या पाठीमागं काढलं:
आधी पाझर तलाव, तलावात पाणी नाही,
बांधाच्या डाव्या अंगानं पायवाट,
मग वीज पडलेली सालई, तिथून खाली घळ.
“रांजणघळ म्हणतेत. चुकायचं कामच नाही बाई,
एकदा उतरलं की दोहीकडून भिंतीच हायेत.”

रेहानाला मी फेब्रुवारीतच म्हणाले होते.
मग दहावीचे पेपर आले, मग रोजे,
आणि आता ईदनंतरचा हा रविवार,
कन्नडमध्ये एक्केचाळीस.
घळीत किती, ते कोण मोजतं.
तिथला काळा दगड रात्रभर ऊन परत करत बसतो,
उसनं घेतल्यासारखं, हप्त्याहप्त्यानं.

माणशी चार लिटर.
मी गणिताची, म्हणून हे माझ्याकडे आलं.
चार लिटर म्हणजे चार किलो, वर धपाटे,
शेंगदाण्याची चटणी, कैरी, गूळ, मिठाची पुडी, क्रेप बँडेज.
रद्दीवाल्याच्या ताणकाट्याला सॅक अडकवून पाहिली:
सहा किलो दोनशे.
तो म्हणाला, मॅडम, विकायची का?

रेहाना ग्रंथपाल. शेवट न वाचता
पुस्तक परत करणाऱ्यांचा तिला राग येतो.
घळीच्या टोकाला सातवा रांजण आहे म्हणे,
नदीनं गोटे फिरवून फिरवून कोरलेला,
हातभर नाही, चांगला पुरुषभर खोल,
आणि त्यात वैशाखातही पाणी असतं.
कुणी पाहिलं? दगडूच्या चुलत्यानं.
चुलता कुठंय? वारला.
एवढ्या पुराव्यावर ती निघाली आहे.

मी पेनानं लिहिलं: सहाला उतरायचं,
अकराला जिथं असू तिथून माघारी.
सातवा समोर दिसत असला तरी माघारी.
तिनं पेन्सिलीनं अकराचे साडेअकरा केले.
मी खोडरबर शोधला.

अत्तर लावू नकोस, मी सांगितलं,
कड्याला आग्या मोहोळं आहेत, पाच-सहा.
तिच्या भावाचं सिटी चौकात अत्तराचंच दुकान.
आमच्या भिंतींनासुद्धा खस लागलाय, ती म्हणाली,
मी काय कातडी काढून येऊ?
शेवटी ठरलं: दोन दिवस आधीपासून लाल साबण,
आणि अंगात माझा जुना एनसीसीचा सदरा,
जो तिला दंडात घट्ट होतो.

दगडूला पुन्हा फोन. साप?
“हायेत की. तुमच्यासारखेच सावलीला बसतेत.”
रेंज? “सालईपाशी दोन कांड्या. खाली नाही.”
तू येशील का रे? “माझ्या शेळ्या कोण बघंल?
पर बाई, एक ध्येनात ठिवा,
उतरतानी डोंगर तुमचा असतो, चढतानी उन्हाचा.”
हेही लिहून घेतलं.
बिलावर आता जागा उरलेली नाही.

शनिवार, रात्रीचे साडेनऊ.
दोन बाटल्या बर्फाला लावल्यात,
अर्ध्याच भरून, आडव्या.
गफूरचा पोरगा जीप घेऊन येईल, पहाटे सव्वाचार.
ह्यांना चिठ्ठी: दुपारी तीनपर्यंत फोन नाही आला
तर आधी दगडूला लावा, मग वनखात्याला,
मग काळजी करा.
गुडघ्याचा पट्टा पिशवीच्या तळाशी.
तो मात्र यादीत नाही,
यादी रेहाना वाचते.

दहाला तिचा मेसेज: पावणेबारा?
एवढंच. पुढं काही नाही.
मी उत्तर दिलं नाही.
उठून स्वयंपाकघरात गेले, दिवा न लावता,
माठातून आणखी एक बाटली भरली, अर्ध्या लिटरची,
आणि सॅकच्या बाजूच्या कप्प्यात
आवाज होणार नाही अशी कोंबली.