कपावर नाव लिहिण्याआधी

तिसऱ्या दिवशी, मटाराचं सूप पिऊन सगळे जडावले असताना
हेल्वे म्हणाल्या, खुर्च्या समोरासमोर वळवा.
एकाने अधिकारी व्हायचं, एकाने सुटून आलेला.

योह्वीच्या न्यायालयाची ही मागची खोली.
खिडकीत खाणीच्या कचऱ्याची टेकडी,
तिच्यावर आता बर्च वाढलेत
आणि मार्च संपत आला तरी बर्फ हटत नाही.

मला चिठ्ठी आली: पुरुष, वय एकतीस,
फेंटानिल, दोन चोऱ्या, अठरा महिन्यांची शिक्षा स्थगित,
पंधरवड्याला हजेरी, हजेरीला लघवीची तपासणी.
रायवोला मिळाली कोरी वही.

सकाळी सांगून झालं होतं:
प्रश्न विचारा आणि गप्प बसा, मनात सातपर्यंत मोजा.
पाचावर आपल्याला घाम फुटतो,
सहावर आपण काहीतरी बोलून त्याची सुटका करतो.
त्याची कसली, आपलीच.

फळ्यावर ठळक अक्षरांत: घसरणं म्हणजे पळून जाणं नव्हे.
खाली सुट्टीत कुणीतरी खडूने विचारलेलं:
मग अहवालात काय लिहायचं?
हेल्वेंनी ते पुसलं नाही. उत्तरही दिलं नाही.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात.
आमच्या फायलींत मागचा त्याच दगडाशी येतो,
वाकून त्याला ओळखतो,
आणि तरी ठेच खातो.
तेवीस वर्षं झाली मला हे टाइप करत.

तर मी बसले सुटून आलेल्याच्या खुर्चीत.
थापा मला पाठच होत्या:
सिल्लामाएची बस चुकली, आई दवाखान्यात,
काल खसखशीचा पाव खाल्ला होता.
खोली हसली. मीही हसले.

मग रायवोने कागदावर नसलेला प्रश्न विचारला.
"काहीही न तपासता
तुझ्याजवळ शेवटचं कोण बसलं होतं?"

एक. दोन.
या खुर्चीतून आकडे फार लांब असतात.
तीन. हीटरची टिकटिक.
चार. चार मिनिटांच्या आत
कपाचं तापमान बघायचं असतं, ते मला तोंडपाठ आहे.
पाच.

आणि माझ्या तोंडून बोलला अर्काडी.
नोव्हेंबरात तो म्हणाला होता,
"बाई, कपावर नाव लिहिण्याआधी
एकदा हाक मारून बघा की.
अर्काडी फेदोतोविच. वडिलांच्या नावासकट.
आमच्यात तसं म्हणतात माणसाला."
मी मार्करचं टोपण उघडलं होतं.
म्हणाले होते, आडनाव पुरे, जागा कमी आहे.

डिसेंबरात तो दोनदा आला नाही.
नियमाप्रमाणे मी कळवलं, त्यात चूक नव्हती,
आजही तसंच कळवेन.
तो इथून अर्ध्या तासाच्या चालीवर आहे आता,
विरूच्या तुरुंगात,
हीच टेकडी त्याला दुसऱ्या बाजूने दिसत असेल,
किंवा भिंत.

हे सगळं मी बोलले की नुसतं मोजलं,
आठवत नाही.
रायवोने वहीत काही लिहिलं नव्हतं.
हेल्वे म्हणाल्या, छान, आता अदलाबदल.

संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटली.
माझ्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं,
मी तक्रार केली नाही, आणि मग केली.

सोमवारी नऊला एक नवी बाई यायची आहे,
वय चव्वेचाळीस, पहिलीच वेळ.
बसथांब्यावर रायवोला म्हटलं,
तुझी आई रशियनच बोलते ना घरी,
हे नाव जरा म्हणून दाखव.
"झिनाइदा लुक्यानोव्ना," तो म्हणाला.
मी म्हणून पाहिलं.
"नाही," तो म्हणाला, "पुन्हा."