वाट वाकडी करून

प्रकाश सरळमार्गी असतो,
असं आम्हाला त्वेरच्या शाळेत शिकवलं होतं.
येव्स्ताफी हसतो. "सरळमार्गी? तो?
त्याला थंडी दाखव, मग बघ."

नोवाया झेम्ल्यावर आम्ही तिघं आणि ल्युस्का नावाची कुत्री.
मी वारा मोजते. तिमोखिन स्टेशन सांभाळतो.
येव्स्ताफीकडे जनरेटर, स्टोव्ह
आणि नव्वद दिवसांची ही एकच रात्र,
जी त्याला कुणी नेमून दिलेली नाही.

त्याचा सिद्धांत रॉकेलच्या हिशेबाच्या वहीत,
मागच्या पानापासून उलटा लिहिलेला:
बर्फालगत हवा गार, वर ऊबदार.
मधल्या फटीत उजेड सापडला
की पृथ्वीच्या उतारावरून वाकत वाकत येतो.
बुडालेला सूर्य दिसतो. न उगवलेलासुद्धा.
"आता समज, अशी थंडी पृथ्वीभर पसरली.
एकसंध. कुठे भोक नाही.
उजेड पुरी प्रदक्षिणा घालून इथेच येईल.
दुर्बीण लाव. काय दिसेल?"
"आपलीच पाठ."
"हो. पण कधीची?"

एका सेकंदात साडेसात फेऱ्या.
पुढचा गुणाकार त्याने करून ठेवला होता,
पेन्सिल जिभेवर ओली करून:
अकरा वर्षं. दोनशे साठ कोटी फेऱ्या.
तेवढा वेळ उजेड विझू द्यायचा नाही.
"गळतीचा प्रश्न आहे," म्हणाला,
एखाद्या पाइपाबद्दल बोलावं तसं.

अकराच का, मी विचारलं नाही.
तिमोखिनने सांगितलं, भांडी घासताना:
ऑगस्ट. पुरवठ्याचं जहाज. धक्क्यावर उस्तिन्या,
एका हातात शिलाईचं यंत्र,
दुसऱ्यात कोंबड्यांचा पिंजरा.
येव्स्ताफी पंप उघडून बसलेला.
तिने दोनदा हाक मारली म्हणे.
तो वळला नाही.

म्हणजे इतक्या फेऱ्या मारून
दुर्बिणीत जे काही येईल
ते तिने तेव्हाच पाहिलेलं असणार:
कॉलरवर तेलाचा डाग,
एक पाठमोरा माणूस.
त्याला हे कळलं नसेल?
गुणाकार तीनदा तपासलेला आहे.

एकवीस जानेवारी. तक्त्यानुसार सूर्याला अजून तेरा दिवस.
दुपारी ल्युस्का दक्षिणेकडे भुंकायला लागली.
क्षितिजावर एक चौकोनी तुकडा,
भट्टीचं दार किलकिलं व्हावं तसा,
कडा थरथरणाऱ्या, मधोमध काळी रेघ.
आम्ही बूट न घालताच बाहेर.
चार मिनिटं.
"नोंद करू नकोस," तिमोखिन म्हणाला,
"प्यायलो होतो म्हणतील."
मी लिहिलं: सूर्य दिसला.
खालच्या ओळीत: सूर्य उगवलेला नाही.
दोन्ही खरं होतं.

येव्स्ताफी सूर्याकडे बघतच नव्हता.
तो धक्क्याच्या दिशेला वळून उभा होता,
जिकडे नुसता गोठलेला समुद्र आणि निळसर अंधार.
टोपी काढलेली. दाढीत बर्फ.
"काय बघतोयस?"
"बघत नाही," म्हणाला. "तोंड दाखवून ठेवतोय.
वाट वाकडी करून कधी कुणी पाहिलंच इकडे,
तर पाठ दिसायला नको."

मग जनरेटर खोकला.
तो आत गेला,
पहिली चार पावलं
उलटी टाकत.