हात लावू नये

गोरव्याच्या बंद पडलेल्या औषध कारखान्यात
कपड्यांचं आणि चित्रांचं प्रदर्शन भरलंय, ध्रुमी म्हणाली.
"मासी, जरूर आवजो. तमारूं पण कंईक छे."

माझं काय असणार तिथे?
माझं लकडी पुलाजवळ सहा बाय आठचं दुकान,
फॉल, पिको, गोंडे, हुक,
आणि "उद्या नेते हं" म्हणून टाकून गेलेल्यांच्या
एकोणीस साड्या.

रविवारी शटर अर्धं ओढलं,
चष्मा पदराला पुसला, रिक्षा केली.

आत गार. विटा उघड्या,
गिलावा राहिलेला नाही, ठेवलेला नाही.
पहिल्या दालनात बायका उभ्या, डोक्याविना.
एकीला एक्स-रेच्या फिल्मांचा परकर,
कुणाच्या बरगड्या, कुणाचा गुडघा,
चालली असती तर वाजली असती.
दुसरीच्या झग्याला चार बाह्या.
चारही नीट बसवलेल्या, मुंढ्याला एक चुणी नाही,
एवढं मला कळलं.
शेजारची मुलगी कुजबुजली, "अस्वस्थ करतं, नाही?"
म्हटलं, "काखेत काचेल."

किनार उलटून बघायला हात पुढे केला,
उलटी बाजू पाहिल्याशिवाय शिवण कशी कळायची?
तर स्टुलावरचा भूपतसिंह अर्धा उठला,
"बेन, हाथ नहीं लगाना."
पाटी होतीच. गुजराती, हिंदी, इंग्रजी.
मराठीत नव्हती,
म्हणजे मला थोडी सूट असावी.
तो हसला नाही.

मी निघालेच होते, तेवढ्यात शेवटच्या खोलीत
माझी चिंधी दिसली.

बॉबिन बदललं की आधी टाका पाहायचा असतो,
गिऱ्हाइकाच्या साडीवर नाही,
खुंटीवरच्या मांजरपाटाच्या तुकड्यावर.
राणी, मोरपंखी, आमसुली,
सैल, फार घट्ट, मग बरोबर, मग साडी हातात.
ना रेघ, ना नक्षी. टाक्यावर टाका.
दिवाळीनंतर ध्रुमी तो मागून घेऊन गेली.
मला वाटलं, कुंचले पुसायला.

काचेत, वरून दिवा.
खाली कापड, दोरा, मशीनचं तेल,
खाली कुमुद श्रीखंडे.
शिधापत्रिकेबाहेर माझं नाव
एवढ्या मोठ्या अक्षरात मी पाहिलं नव्हतं.

लोक एक पाऊल मागे होऊन बघत होते.
मी जवळ गेले. मला लांबून वाचता येत नाही.
ही पिवळी रांग ताम्हन्यांच्या तिन्ही मुलींची लग्नं,
एकाच वर्षात.
इथे नुसता पांढरा, पांढरा, पांढरा,
मास्क शिवायचे दिवस, नगाला चार रुपये.
आणि हा काळा गुंता, कोपऱ्यातला,
सयाजी हॉस्पिटलातून ह्यांच्याबद्दल फोन आला
आणि पायडलवरचा पाय उचलायचा राहिला,
मशीन आपलं चालतच राहिलं.

त्याच गुंत्यापाशी एक गृहस्थ थांबले,
दाढीवाले, खादीचे, मान तिरकी.
"इथे खरी मोकळीक आहे," ते सोबतीणीला म्हणाले.
मी सरकून त्यांना जागा दिली.

ध्रुमी धावत आली, सरबत घेऊन. "कसं वाटलं?"
म्हटलं, "हे संपणार कधी?"
"सत्तावीसला."
"मग परत दे. सध्या रुमालावर टाका बघतेय."
ती हसली. मी गंमत करत नव्हते.

सोमवारी नवा तुकडा खुंटीला लावला.
कोरा, खळ अजून न गेलेली.
निळा दोरा ओवला, पाय ठेवला,
आणि चार टाक्यांवर थांबले:
बरा दिसतोय का?

असं कधी विचारलं नव्हतं
एकोणतीस वर्षांत या मशीनला.

उंबऱ्यावर कुणीतरी पिशवी वाजवली,
"झालं का पिको?"
तुकडा पटकन उलटा करून ठेवला.
"उद्या," म्हटलं.