बद्द

गेटपासवर माझं आडनाव चुकलं. ऐवळेचं ऐवाळे.
सहा महिने मी ऐवाळेच होते, कुपवाडच्या फौंड्रीत,
कॉलेजचं पत्र, कंपनीचा शिक्का,
आणि एका करारावर सही
की इथं जे सापडेल ते कंपनीचं.

विषय लिहायला सोपा होता:
ओतकामातील दोषांचे ध्वनीवरून निदान.
प्रत्यक्षात एक हातोडी, एक मायक्रोफोन,
एक लॅपटॉप, जो वाळू शिरू नये म्हणून मी
आईच्या ओढणीत गुंडाळून ठेवायचे,
आणि बाबालाल मुजावर.

एकतीस वर्षं चाचा पंपांची कवचं ठोकतायत.
एकच ठोका. मान जरा कलती.
खणखणीत वाजलं तर पांढरा खडू,
बद्द वाजलं तर लाल.
"नाण्यावानी असतंय पोरी.
खोटं नाणं काय गप बसतंय व्हय?"

मी त्यांचा ठोकान् ठोका टिपला.
दोन हजार एकशे अठरा.
प्रत्येकासमोर एक रकाना, त्याला मी नाव दिलं: सत्य.
पांढऱ्या खडूला एक, लाल खडूला शून्य.
यंत्र त्यावरूनच शिकलं,
शिकवणीतल्या हुशार पोरासारखं,
मान वर न करता.

विश्रामबागेतून सर महिन्यातून एकदा यायचे,
आलेख बघून म्हणायचे, छान, अजून डेटा.
पाटणकर साहेब म्हणायचे, छान, कधी बसवता?
दोघं मिळून चहा एकदाच प्याले.
बिल कोणी द्यायचं
याचं कलम सामंजस्य करारात नव्हतं.

चौथ्या महिन्यात एक कवच पलूसहून परत आलं,
तडकलेलं.
माझ्या यादीत ते एकशे सत्तेचाळीसावं.
खडू पांढरा. यंत्रही म्हणालं होतं, पांढरं.

मग साठ कवचं टेंपोत घालून
कोल्हापूरच्या लॅबमध्ये नेली, आत बघून आणली.
रात्री हॉस्टेलवर चुका मांडल्या
तर त्या विखुरल्या नव्हत्या.
सगळ्या पाच हजार हर्ट्झच्या वर,
कुंपण घातल्यासारख्या.
खाली चाचांचा एकही खडू चुकलेला नाही.
मी तीनदा तपासलं. एकही नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
फोनवर एक बारीक सूर लावला, आठ हजारचा,
आणि फोन बाकावर ठेवला.
कोअर शॉपची पोरं कानावर हात ठेवून ओरडली,
बंद कर की ते!
चाचा डबा उघडत होते.
भाकरीचा तुकडा पुढं केला.
"घे. कारळ्याची चटणी हाय आज."

सर म्हणाले, अगं, हाच तर पेपर आहे.
साहेब म्हणाले, म्हणजे माणूस नको, असंच ना?
मी पाणी प्यायले.
अहवालात फक्त एका रकान्याचं नाव बदललं.
सत्य खोडलं. लिहिलं:
बा. मु. यांचे मत, पाच हजारपर्यंत ग्राह्य.
एवढ्यासाठी चाळीस पानं पुन्हा छापावी लागली.

चाचांना सांगितलं सोमवारी,
भट्टी बंद होती, पत्र्यावर कबुतरं होती.
कसं सांगितलं ते आठवत नाही.
आकडे सांगितले असणार, मला तेच येतात.
ते बराच वेळ हातोडीचा दांडा पुसत राहिले.
"मला वाटलं," म्हणाले,
"दोन वर्सं झाली, रातकिडंच कमी झाल्यात."

मग उठले. लाल खडू माझ्या हातात दिला.
"मी ठोकतो. वरचं तू आयक."

ठोकलं.
सगळा शेड गप्प होता.
मी मान कलती केली, त्यांच्यासारखी.
लॅपटॉप ओढणीतच होता
आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही.
"आणीक एकदा," मी म्हणाले.